तलवार वर घेऊ का?

लाँड्रीत आयुष्य काढलेल्या बाईला सहसा कशाची किळस येत नाही. लोकांच्या चादरींवर ताईने काय काय पाहिलं होतं ते चारचौघांत सांगायची सोय नाही. ते सगळं धुऊन ती शांतपणे दुपारचा डबा खायची. केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या हॉलमधले जाड निळे कपडेही तिच्याकडेच यायचे, घामाने कडक झालेले, आंबूस वासाचे. त्यात तिच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या कपड्यांना घामापेक्षा अत्तराचा वास जास्त. तेव्हाच ओळखायला हवं होतं म्हणा. पण भाऊ पडला ना.

ताई स्वतःही तिथे खेळायची. बांबूची तलवार, तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा, छातीला कवच. बाकीचे तलवार पोटासमोर धरून टोक समोरच्याच्या गळ्याकडे रोखतात. ताईला ते जमायचं नाही. इस्त्रीच्या रोलरमध्ये उजवं मनगट सापडलं, तेव्हापासून त्या हातात जोरच नव्हता. मग सरांनी तिला दुसरा पवित्रा शिकवला. तलवार डोक्यावर न्यायची आणि वार डाव्या हाताने सोडायचा. सर म्हणजे हॉल चालवणारे म्हातारबा, जन्मभर लेथवर राबलेले. आठवडाभर वाफेत उकडून निघालेली ताई रविवारी तिथे जरा माणसात यायची. तिला दुसरी हौस नव्हती आणि दुसरा पवित्राही येत नव्हता.

आता गंमत अशी, की तलवार डोक्यावर नेणं म्हणजे समोरच्याला ‘तुला कोण विचारतो’ म्हणण्यासारखं. वडीलधाऱ्यांपुढे तर निव्वळ उद्धटपणा. म्हणून आधी माफी मागायची. सरांच्या हॉलमध्ये त्यापुढेही एक रीत होती. समोरच्याने मान हलवून होकार द्यायचा, आणि मगच तलवार वर. हे कुठल्या नियमात नाही, ती सरांची पद्धत. मान हलवताना नजर खाली जाते, डोकं उघडं पडतं. सर म्हणायचे, तेवढा वेळ दुसऱ्याच्या भरवशावर राहता येत नसेल तर घरी बसावं, इथे यायची तसदी कशाला घ्यावी. इतक्या वर्षांत त्या मानेचा कोणी गैरफायदा घेतला नव्हता. घ्यावा असं कोणाच्या मनातही आलं नसेल.

दादाच्या आलं. दादा म्हणजे ताईचा तो अत्तरवाला भाऊ, फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रीला. जीभ अशी गुळगुळीत, की तिच्यावरून सोफासेट सरकवत न्यावा. त्याला हॉल हवा होता, दारावरच्या पाटीवर स्वतःचं नाव हवं होतं. सरांनी सांगून ठेवलं होतं, मला जो हरवील त्याच्या हातात किल्ल्या देईन आणि बाकावर जाऊन बसेन. दादा दर वेळी तोऱ्यात उतरायचा आणि मार खाऊन घरी यायचा. मग जेवताना आईपुढे म्हाताऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. आईचं आपलं एकच, माझ्या लेकाचं कोणाला कौतुक नाही.

त्या रविवारी मात्र स्वारी भलतीच नम्र. सरांसमोर उभं राहून अगदी साखर पेरल्यासारख्या आवाजात म्हणाला, माफ करा सर, तलवार वर घेतो. सरांनी मान हलवली. नेहमीसारखी, हळू, मनापासून. हनुवटी खाली गेली, आणि दादाने तलवार वर नेलीच नाही. होती तिथूनच पुढे झेपावला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर फाडकन हाणली. वर न्यायची परवानगी मागून खालूनच वार! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

खेळ सुरू होता, वार जागेवर बसला होता. पंचांनी निशाण वर केलं. दुसरं करणार काय? सरांनी मुखवटा काढला, टॉवेलने डोकं पुसलं आणि किल्ल्या दिल्या. चार लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांची ताईला किळस आली.

बाहेर चपला घालताना तिने विचारलं, हे काय केलंस. तर हा पठ्ठ्या हसला. मान त्यांनी खाली घातली, मी थोडीच घातली, म्हणाला. वर असंही सांगितलं, की उद्यापासून हॉलमध्ये मला दादा म्हणायचं नाही, सर म्हणायचं.

त्या आठवड्याच्या गठ्ठ्यात त्याचे कपडे आले. अत्तराचा तोच वास. उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते तिने केलं, ते कपडे चिमट्याने उचलून मशीनमध्ये टाकले आणि मग हात धुतले. आईने फोनवर समजूत घातली, मोठा आहे तो, जाऊ दे. ताईने फोन ठेवला. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. आता तलवार वर न्यायची तर या माणसाची माफी मागायची. नाही मागितली तर रीत मोडली म्हणून तो तिला बाहेर काढणार, आणि मागितली तर स्वतःचीच शिसारी येणार. हॉल सोडावा, तर रविवारी या हाताचं करायचं काय?

रविवारी ती हॉलवर गेली. नवे प्रमुख सगळ्यांशी एकेक डाव खेळणार होते. भिंतीकडेच्या बाकावर सर बसले होते, पाहुण्यासारखे अंग चोरून. पहिलं बोलावणं ताईला. घरचंच माणूस, सुरुवात गोड होईल असा हिशेब असणार.

दोघं रीतीप्रमाणे उकिडवे बसले, उठले. पंच म्हणाला, सुरू. ताईने तलवारीचं टोक दुखऱ्या हाताने कसंबसं समोर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“माफ कर, दादा. तलवार वर घेते.”

आणि थांबली. जाळीमागे दादाचे डोळे तिच्या तलवारीवरून हलेनात. हनुवटी ताठ.

“घे की,” तो म्हणाला.

“मान हलव, दादा.”

“सांगितलं ना, घे म्हणून.”

ताई जागची हलली नाही. मनगटातून कळ जात होती. समोर तिचा सख्खा भाऊ होता आणि बहिणीपुढे मान खाली घालायला भीत होता. ती आपल्यासारखीच असेल असं त्याला वाटत होतं. सगळा हॉल ते बघत होता. ताईला त्या सबंध आठवड्यात आली नव्हती इतकी किळस त्या ताठ मानेची आली.

तिने टोक खाली केलं, उकिडवं बसून तलवार म्यान केल्यासारखी कमरेशी नेली आणि मागे सरकून बाकाकडे गेली. सरांनी बाजूला सरकून तिला जागा दिली.

पंचाने पुढच्याला हाक मारली. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मधोमध दादा एकटाच उभा होता, मान तशीच धरून.