दाण्यादाण्यानं जाणारा उजेड

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा रूपला राठोड इंटरनेटच्या केबलमधले काचेचे केसाएवढे तंतू जोडायचा. आधी बारा वर्षं याच केबलसाठी त्यानं नाल्या खोदल्या. मग तंतू जोडायचं यंत्र हाती आलं आणि गडी जोडारी झाला. जोड झाला की त्यावर चिमटा लावायचाच. चिमटा म्हणजे मीटर: तंतूला जरासं वाकवून उजेडाचा थेंब बाहेर काढतो आणि उजेड सापडला की टुईं करतो. "टुईं आयकल्याबिगर मले भाकर गोड लागत नाई," असं तो म्हणे.

त्या दुपारी मेडशीपाशी तुटलेला तंतू त्यानं जोडला. ही लाईन वेगळी होती. अकोल्याहून वाशीमला उजेडाच्या एकेका कणातून गुप्त किल्ली, म्हणजे निरोप कुलपात घालणारे आकडे, पाठवायची चाचणी होती. चारपर्यंत किल्ली तयार झाली नाही, तर पुढचे सगळे जोड दुसऱ्या माणसाकडे जाणार, हे त्याला सकाळीच सांगितलं होतं.

फोनवर वाशीमहून चाचणी घेणाऱ्या निकिता मॅडम. "आकडे येताहेत, रूपलाभाऊ... येताहेत... अगं बाई, थांबले! लाईनवर कोणीतरी डोकावतंय. चाचणी बंद करते मी!"

"डोकावते? कोन?" रूपलानं गर्रकन मागं पाहिलं. सोयाबीन, बांध, बांधावर म्हैस. "इथं तं म्हैस हाये जी. तिले कायले पाह्यजे तुमची किल्ली?"

मग नजर स्वतःच्याच हाताकडे गेली. चिमटा! सवयीनं लागलेला. टुईं मात्र नाही. इतका बारीक उजेड चिमट्याला कळतच नव्हता.

गुपचूप काढता आला असता. पण मग चोर शोधत चाचणी बंदच पडली असती. रूपलानं घसा खाकरला. "मॅडम, चोर मीच हावो. जोड पाहून राह्यलो व्हतो."

पलीकडे खुदकन हसू. "अहो, एकेकटा कण तो. मधे कोणी पाहिला की आम्हाला कळतंच. काढा ते, आणि आता नुसते बसा."

तो बसला. जोड कसा झाला हे पाहायचं नाही, नुसतं मानायचं. त्यानं डोळे मिटले. तुरीच्या मुळांखालून, ओढ्याच्या ओल्या रेतीखालून एक कण निघाला. एकटाच. मागं अंतर राखून दुसरा. पुढे त्यांच्या डोक्यावर मालेगावचा बाजार कलकलत होता, कणांना खबर नाही. आपण श्वास जोरात सोडला तरी बिचकतील, असं रूपलाला वाटलं. तो अलगद श्वास घेत राहिला. बांधावर म्हशीची सावली तिच्याएवढी लांब झाली.

"रूपलाभाऊ!" फोन ओरडला. "झाली किल्ली! चारला सात मिनिटं कमी! पुढचा जोड पातूरच्या घाटात. येता ना?"

"येतो जी," तो कुजबुजला. "पन हळू बोला ना. ते अजून जाऊनच राह्यले."