चुकलेल्या उत्तरांची वही

विमलताई दिघे यांची आणि माझी पहिली भेट बडोद्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत, मुलाखतीच्या वेळी झाली. नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. मूल्यमापन या विषयावर घडाघडा बोलायची तयारी करून मी गेलो होतो. मुख्याध्यापिका असलेल्या विमलताईंनी मला एकच प्रश्न विचारला, "तिसरीत असताना तुम्हाला कशाची भीती वाटायची?"

"सतराच्या पाढ्याची," मी गडबडून खरे तेच सांगितले.

"मग सोमवारपासून या. तिसरीच घ्या."

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात इतरांनी त्यांच्या शिस्तीविषयी, वाचनाविषयी आणि हातच्या पुरणपोळीविषयी लिहिले असेलच. मी माझी फजिती लिहिणार आहे. ताईंचा मोठेपणा मला तिच्यातूनच कळला.

त्या वर्षांत गावात इंग्रजी शाळा भराभर निघत होत्या आणि आमचे वर्ग विरळ होत चालले होते. संस्थेचे कार्यवाह भाऊसाहेब चिंतेत होते. अशा वेळी एका कंपनीच्या छापील चाचण्या मीच उत्साहाने शाळेत आणल्या. दर शुक्रवारी वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर पर्यायापुढचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. गावोगावच्या मुलांना तोच कागद आणि तपासायला तीच उत्तरसूची. मी गुणानुक्रमे नावांची यादी करून वर्गाच्या दारावर लावू लागलो. भाऊसाहेब माझ्यावर बेहद्द खूश झाले. दिवाळीनंतर या यादीवरून तिसरीच्या दोन तुकड्या करायचे त्यांनी ठरवले. वरच्या वीस जणांची 'अ' तुकडी, तिला इंग्रजी आणि संगणक. उरलेली 'ब'. ताईंनी विरोध नोंदवला, पण कार्यकारिणीत त्यांचे मत एकटेच पडले.

मुले मात्र बदलत होती आणि मला ते दिसत नव्हते. गोष्ट सांगताना मी विचारले, "मग कोल्ह्याने काय केले असेल?" तर पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, पर्याय द्या ना!" मी हसलो. ही हकिकत मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या चवीने सांगितली. सगळे हसले, ताई हसल्या नाहीत.

त्याच सुमारास छाया सोनवणे ही मुलगी शुक्रवारी शाळेत येईनाशी झाली. एरवी ती वर्गात अखंड बडबडायची. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला, मूळचे खानदेशातले. यादीत छायाचे नाव तळाला असायचे. मी माझ्या मनात तिला केव्हाच 'ब'मध्ये बसवून टाकले होते. एका शुक्रवारी दुपारी ताई मला म्हणाल्या, "चला," आणि आपल्या मोपेडच्या मागे बसवून थेट रेल्वे क्वार्टर्समध्ये घेऊन गेल्या. मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे बसून मी कसा दिसत असेन, याची कल्पना वाचकांनीच करावी.

छायाची आई दारातच म्हणाली, "बाई, शुक्रवार उजाडला की हिच्या पोटात दुखतंच. डॉक्टर म्हणतात, काही नाही." वडिलांनी खाली पाहत विचारले, "खरं सांगा ने बाई, पोरगी साव ढ आहे का?" साव म्हणजे गुजरातीत अगदीच.

ताईंनी पिशवीतून छायाने शेवटचा सोडवलेला कागद काढला आणि तिला जवळ बसवले. "सर्वांत हळू काय चालतं, यात तू आगगाडीचा गोल काळा केलास. का गं?"

छाया हळूच म्हणाली, "आमची इथली छोटी गाडी हळूच चालते. पप्पा चालत्या गाडीतून उतरून परत चढतात."

"आणि आजारी पडल्यावर कोणाकडे जाल, तर शेजारी?"

"त्यांच्याकडे स्कूटर आहे. तेच डॉक्टरांकडे नेतात."

उत्तरसूचीत सायकल आणि डॉक्टर होते. मी तोंड उघडणार तोच ताईंनी एक शंभर पानी वही उघडली आणि छायाची दोन्ही उत्तरे कारणांसकट लिहून घेतली. वही निम्मी भरली होती. मी लाल रेघ मारलेली उत्तरे घेऊन ताई महिनाभर मधल्या सुट्टीत एकेका मुलाला "का?" विचारत होत्या. वर्ग माझा आणि मला पत्ता नव्हता. त्या क्षणी मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तुकड्या पाडायच्या आदल्या शनिवारी ताईंनी पालकांना आणि भाऊसाहेबांना शाळेत बोलावले आणि सर्वांपुढे तिसरीचा तोच कागद ठेवला. वेळ वीस मिनिटे, बोलणे बंद. मलाही बसवले. भाऊसाहेबांचे गुडघे बाकात मावत नव्हते. "शेजारी पाहू नका, भाऊसाहेब," असे ताईंनी दोनदा बजावले. शिट्टी वाजली तेव्हा निम्म्या जणांचे शेवटचे प्रश्न राहिले होते. मला चौदा गुण मिळाले. भाऊसाहेबांना अकरा.

"शेजारी हे चूक कसं?" भाऊसाहेब उसळले. "आमच्या शेजारीच डॉक्टर राहतात!"

ताईंनी शांतपणे वही उघडून छायाचे उत्तर वाचून दाखवले. मग सोनवण्यांचा कागद वर धरला. त्यांनीही आगगाडीच काळी केली होती. "साहेब, मी स्वतः उतरून पाणी पिऊन परत चढलोय," ते म्हणाले आणि सगळा वर्ग खो खो हसला.

"यादीप्रमाणे भाऊसाहेब 'ब' तुकडीत जातात," ताई म्हणाल्या. "मुलांचं काय करू या?"

भाऊसाहेब दिलदार गृहस्थ. पोट धरून हसले आणि तुकड्यांचा विषय तिथेच संपला. इंग्रजी आणि संगणक सगळ्या तिसरीला मिळाले. दारावरची यादी मी माझ्या हाताने काढली. पुढच्या शुक्रवारी छाया शाळेत आली आणि इतकी बडबडली की मला तिला दोनदा गप्प करावे लागले.

सोमवारी ताईंनी ती वही माझ्या हातात ठेवली. "परीक्षा घ्या, सर. माझी ना नाही. पण उत्तर ऐकायला थांबा. आता ही तुम्ही चालवा." त्यानंतर त्या चाचण्यांचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर कधीच केला नाही. चुकलेल्या माणसाला खाली पाहायला लावायचे नाही, हे त्या मोठ्यांच्या बाबतीतही पाळत.

पण मी सुधारलो, असे कोणी समजू नये. या ग्रंथासाठी माजी विद्यार्थ्यांना पाठवायचा फॉर्म मीच तयार केला. त्यात विचारले, 'बाईंचा सर्वांत मोठा गुण कोणता?' आणि सवयीने खाली चार पर्याय दिले: शिस्त, माया, विद्वत्ता, वक्तशीरपणा. छाया आज नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. तिचा फॉर्म परत आला तेव्हा चारही गोल कोरे होते. खाली लिहिले होते, 'मी ढ आहे का, हे सगळे एकमेकांना विचारत होते. मला "का?" असं विचारलं ते फक्त बाईंनी.'

ते उत्तर मी त्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले आहे. विमलताईंना उत्तम आरोग्य लाभो आणि त्यांच्या जवळ बसून कारण सांगायची संधी अजून पुष्कळ मुलांना मिळो. त्यांनी किती वर्षे जगावे, याचे पर्याय मात्र मी देणार नाही.