डाव्या हाताचा बेस

आमच्या ह्यांना अजूनही लोक काशीभाऊ कीबोर्डवाले म्हणूनच ओळखतात. नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात झाली, पण जीव सगळा हळदीच्या ऑर्केस्ट्रात. भाईंदर, घोडबंदर, कुठेही हळद असो, मांडवात ‘काशीनाथ आणि पार्टी’ असा बॅनर लागायचा. पार्टीत बेस गिटारवर होता गोवर्धन, वरसाव्याचा कोळी. दोघांची अशी गट्टी की मी म्हणायचे, लग्न माझ्याशी कशाला केलंत? मग एका पावसाळ्यानंतर गोवर्धन यायचाच बंद झाला. विचारलं तर म्हणाले, "त्याला आता वेळ नसतो." मीही म्हटलं, असेल. माझंही चुकलंच. घरी येऊन माझ्या हातचं जेवणाऱ्या माणसाची मी साधी चौकशी केली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या लेकीने, रुचिताने, बेस गिटार मागवली. ऑफिसात चार पोरी बँड काढतायत, म्हणे. बँकेत नोकरी करणारी बाई, तिशी उलटलेली, आणि बँड! असो. खोकं उघडलं तर गिटार सुंदरच होती, काळीभोर. पण वरच्या टोकाला कुणीतरी पेनाने खरडलेलं.

"अगं, वापरलेली दिलीय तुला! परत कर आधी," मी ओरडले.

"आई, ती सही आहे. बाहेरच्या एका मोठ्या बेसवाल्याची. त्याने स्वतःला हवी तशी बनवून घेतली आणि कंपनीने तशीच, त्याची सही छापून, स्वस्तात बाजारात काढली. नवशिक्याला झेपते आणि मुरलेला माणूसही नाक मुरडत नाही."

हे तिथेच उभे होते. जाड तारेला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

शिकवायला मात्र स्वतःच बसले. कुठल्या तारेवर कुठला सूर ते तोंडपाठ, पण बोटं ऐकतील तर ना! दाबलेली तार नुसती खरखर करायची. चार दिवसांनी रुचिता कंटाळली. "बाबा, गोवर्धनकाकांकडे जाऊया ना."

"तो आता वाजवत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

हे उठले आणि गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालायला लागले. मी सकाळीच घातलं होतं. माती वाहून खाली जोशांच्या कपड्यांवर गेली. मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, झाकली मूठ किती वर्षं झाकणार? काय केलंत त्या माणसाचं?"

तेव्हा बोलले. तिथेच, तांब्या हातात धरून. नवीन कीबोर्ड आला त्या साली हळदवाले म्हणायला लागले, अंगणं लहान झाली, माणसं कमी आणा. नव्या कीबोर्डात बेसचा आवाज होता. ह्यांनी डाव्या हाताने बेस आणि उजव्याने गाणं, असं वाजवून पाहिलं. लोकांनी वाहवा केली, काशीभाऊ, एकट्यात दोन माणसं! झालं, स्वारी हवेत. गोवर्धनला सांगायची हिंमत नव्हती. मग सांगितलंच नाही. वरसावे नाक्यावर आमचा टेम्पो नेहमी त्याला घ्यायला थांबायचा. त्या दिवशी ह्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, सरळ घे.

"इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता गं. खांद्यावर बेस. टेम्पो दिसल्यावर हात वर केला त्याने. मी मान खाली घातली. मी माझ्या मित्राला रस्त्यावर सोडलं, मृणाल."

मला राग आला, आणि रडूही. म्हटलं, "उद्या जायचं. तिघांनी."

गोवर्धन अंगणात जाळं विणत बसला होता. केस पिकलेत, बाकी तसाच. त्याची बायको चंद्रावती हिने पाणी आणलं, पण ह्यांच्याकडे बघितलं नाही. हे नुसते जाळ्याच्या गाठी मोजत बसले. शेवटी रुचितानेच गिटार पुढे केली. "काका, शिकवाल?"

त्याने हात लुंगीला पुसले. सहीवरून अंगठा फिरवला. "ही कोनाची?"

तिने सांगितलं.

"वा! बेसवाल्याच्या नावाची गिटार! आपलं नाव बॅनरवर पन न्हवतं." हसला तो. ह्यांना ते हसणं किती लागलं, ते मी शेजारी बसून पाहिलं.

मग त्याने सूर लावले आणि एक जुनी हळदीची चाल सुरू केली. काय सांगू! जाळी विणणारी ती बोटं, पण एक सूर इकडचा तिकडे नाही. "काशी, वाजव," म्हणाला. रुचिताने तिचा छोटा कीबोर्ड आणलेलाच होता. हे वाजवायला लागले, आणि सवयीने डावा हातही उतरला खालच्या पट्ट्यांवर.

गोवर्धन थांबला. "डावा हात मांडीखाली घाल. बेस माजा हाय."

घातला ह्यांनी. शाळेतल्या पोरासारखं हातावर बसून, एका हाताने गाणं पुरं केलं. डोळ्यांतून धारा. "गोवर्धन, मी चुकलो रे," एवढंच कसंबसं म्हणाले.

त्याने गिटार पुसून रुचिताच्या हातात दिली. माफ केलं असं नाही. निघताना रुचिताला म्हणाला, "रविवारी ये." मग ह्यांना, "तू पन ये. नाक्यावर उभा ऱ्हा, मी स्कूटर घेऊन येतो."

रविवारी रुचिता परस्पर पुढे गेली. हे मात्र तासभर आधीच निघाले. मी म्हटलं, एवढी घाई कसली? तर आरशासमोर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची बटणं लावत होते. "नाही थांबला तर, मृणाल? त्याने का थांबावं?" वरचं बटण मी लावून दिलं.

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. भाजी करपली. संध्याकाळी बेल वाजली. हे दारातच उभे, चपला न काढता.

"थांबला गं तो," म्हणाले.