बाजारादिवशीचा पगार

गिरणीला बाया पुरवणारे आमचे मुकादम दर वाक्यात 'बरं का' म्हणत. गिरणी त्यांना महिन्यानं पैसे देई, पण आम्हाला ते दर बाजारादिवशी पगार वाटत.

एकदा गिरणीचे पैसे आलेच नाहीत. "थांबा, बरं का, आलोच," म्हणून ते गेले. फार वेळ झाला, तेव्हा मी शोधायला निघाले. गुरांच्या बाजारात ते आपली म्हैस विकून नव्या मालकाला सांगत होते, "धार काढताना, बरं का, तिच्याशी बोलत ऱ्हावा. गप बसलं की दूध देत न्हाय."

मला पाहून ते ओशाळले. "बायास्नी सांगू नगंस, पोरी."

त्यांनी सगळ्यांचा पगार चुकता केला. घरी जाताना मात्र सवयीनं कडबेवाल्यापुढं थांबले, एक पेंढी उचलली आणि हळूच परत ठेवली.