तारेला टांगलेला पेरू

शाहूवाडीच्या वाटेवरच्या प्राणी-संगोपन केंद्रात तानाबाई सात वर्षं वटवाघळं सांभाळतात. झाड तोडताना पडलेली, विजेच्या तारांत अडकलेली अशी अकरा. त्यांच्यासाठी पेरू-पपई सुतळीत ओवून छताला टांगायची, ही बाईंची रीत. एकदा एका वाघळानं सुतळी गिळली. तेव्हा शाहूपुरीहून येणारे डॉक्टर राजशेखर, बाई त्यांना दादा म्हणायच्या, म्हणाले, मावशी, आता तार वापरा. तारेचं वेटोळं त्यांनीच आपल्या गाडीतून काढून दिलं.

बाईंना तार पटली नव्हती. पण शिकलेल्या माणसाचा शब्द. त्या रोज टोकं वळवून पेरूच्या आत दाबायच्या. वाघळांची ओढाओढ झाली की ती पुन्हा बाहेर यायची.

दिवाळीनंतर एका मादीचा डावा डोळा मिटलेला दिसला. डॉक्टरांनी रंगाचा थेंब घालून पाहिलं, तर बुबुळावर जखम हिरवी उमटली. तारच टोचली होती. औषध दिवसातून चार वेळा. बाई तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायच्या, पंख आत, तोंड तेवढं बाहेर. केळ्याचा लगदा चाटवत थेंब सोडायच्या. ती कधी चावली नाही. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यावरचा निळसर पडदा विरळ झाला.

तेवढ्यात वरून चौकशी आली. कारकुनानं बाईंना कार्यालयात बोलावून डॉक्टरांचा अहवाल वाचून दाखवला: देखभाल करणाऱ्या बाईनं परस्पर तार वापरल्यानं इजा. उद्यापासून बाईंनी कासवांकडं जायचं.

डॉक्टर समोरच बसले होते.

"दादा, तार कुणाच्या गाडीतनं आली?" बाईंनी त्यांना विचारलं.

"मावशी, तुमची नोकरी काय जात न्हाय. माझं नाव गेलं तर दवाखाना बसंल. समजून घ्या की."

बाई म्हणाल्या, "मला आधी इचारलं असतं, तर मी आपनहूनच म्हटलं असतं, माझं नाव घाला. इचारायचं तरी हुतं की."

नव्या माणसाला मादीनं दोनदा चावा घेतला. औषध चुकलं, डोळा पुन्हा गळू लागला. चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः कासवांच्या हौदाशी आले. बाईंनी हात धुतले आणि पिंजऱ्याकडं चालू लागल्या.

मादीला त्यांनी लुगड्यात घेतलं. डॉक्टर बॅटरी धरून शेजारी उभे राहिले. हलक्या आवाजात मावशी म्हणून काही सांगू लागले.

"पावणं," बाई मान वर न करता म्हणाल्या, "उजेड जरा खाली धरा."