कोब्याचं पहिलं पाणी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेची उत्तरं व रजेचे अर्ज यांच्यापलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. अर्जातही मी ‘विनंती’ हा शब्द तीनदा घालतो, असं आमचे एक सर म्हणतात. रागात असताना लिहू नये, असंही त्यांच्याकडूनच ऐकलं. म्हणून राग जाण्याची सहा महिने वाट पाहिली. तो गेला नाही, तेव्हा लिहायला बसलो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझे बाबा गवंडी आहेत. राजूरच्या आसपासच्या गावांत त्यांना सगळे मिस्तरी म्हणतात. आमच्याकडे स्लॅबच्या किंवा कोब्याच्या कामाचा एक रिवाज आहे. तो कुणी कागदावर लिहून देत नाही. सिमेंट घट्ट व्हायला लागलं, की घरधन्याने आपल्या हाताने त्यावर पहिला तांब्या पाणी घालायचं. त्यानंतरचे दहा दिवस पाणी पुरवणं ही त्याची जबाबदारी. काम मिस्तरीचं, पाणी घरधन्याचं. ज्याने पहिला तांब्या घातला त्याला बाबांनी पुन्हा कधी आठवण करून दिल्याचं मला आठवत नाही. त्याची गरजच पडायची नाही. घरातल्या बायका, म्हातारे, सगळे सिमेंटवर अंथरलेल्या ओल्या गोणपाटांवर लक्ष ठेवून असायचे.

गेल्या चैत्रात बाबांना एक वेगळं काम मिळालं. भोकरदनच्या रस्त्याला एका शहरातल्या मालकाने सहलीला येणाऱ्यांसाठी शेतात झोपड्या, झोपाळे आणि पोहण्याचा टँक बांधला होता. टँकच्या चारी बाजूंनी कोबा करायचा होता. मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेआधीची सुट्टी होती, म्हणून बाबांबरोबर गेलो. मालक आम्ही शेवटपर्यंत पाहिला नाही. तिथे त्याचा मॅनेजर असायचा.

त्या कामाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्यालाच नावं ठेवली गेली. बाबांनी मुरूम दोनदा दाबून घेतला. पाणी टँकात परत जाऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला ढाळ दिला, आणि तो ढाळ पाणसळीने इतक्या वेळा तपासला की मजूर कंटाळले. ऊन चढायच्या आत माल पडावा म्हणून मिक्सर पहाटेच सुरू केला. माल घट्ट ठेवला. मजूर पाणी वाढवायला गेला की बाबा म्हणायचे, “डाळीत ओत ते.” ओल्या पायांनी कुणी घसरू नये म्हणून शेवटी त्यांनी नव्या खराट्याने आडव्या रेघा मारल्या. साऱ्या रेघा एका अंतरावर, एका दाबाच्या. मी सहामाहीत ड्रॉइंगला नापास झालो होतो. त्या रेघा पाहून मला स्वतःची लाज वाटली.

अकराच्या सुमारास काम आटोपलं. जेवताना बाबांचा मोबाइल वाजला. बाबा सवयीने “जय भीम” म्हणाले आणि बोलत राहिले. मॅनेजर शेजारीच खुर्चीत बसला होता. फोन झाल्यावर त्याने आमचं गाव विचारलं, मग गावात कुठे राहता तेही विचारलं. बाबांनी सांगितलं.

संध्याकाळी कोब्यावर अंगठा रुतेना, तेव्हा बाबांनी मॅनेजरला बोलावून रिवाज समजावून सांगितला. मालक नाही, तर तुम्हीच मालक, म्हणाले. त्याला मौज वाटली. तांब्या नव्हता, म्हणून त्याने पिण्याच्या पाण्याची अर्धी उरलेली बाटली कोब्यावर ओतली, त्याचा फोटो काढून घेतला आणि मालकाला पाठवला. बाबांनी ते पाणी वचन म्हणून घेतलं. बाबांची चूक म्हणायची तर एवढीच. फोटोसाठी ओतलेली बाटली त्यांना घरधन्याचा तांब्या वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर गोणपाटं कोरडी ठणठणीत. टँकरवर टँकर येत होते आणि सगळं पाणी टँकात पडत होतं, कारण अक्षय्य तृतीयेला उद्घाटन ठरलं होतं. बाबांनी पाण्याचं विचारलं. मॅनेजर म्हणाला, टँकर टँकसाठी आहेत, कोब्यासाठी पाण्याचं कुणी बोललं नव्हतं. बाबांनी बाटलीची आठवण करून दिली. तो हसला. मग बाबा म्हणाले, टँकातल्याच वीस बादल्या घेऊ द्या, तिथून इथे दोन पावलं आहेत.

“त्या पाण्यात बादली घालायची न्हाई,” मॅनेजर म्हणाला. “लोकं पोहणार हायेत त्यात. पाणी खराब होईल.”

बाबा म्हणाले, बादल्या नव्या आणतो. तो म्हणाला, बादलीचा प्रश्न नाही. मग प्रश्न कशाचा, हे बाबांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. आदल्या दिवशी आमच्यासाठी बाहेर ठेवलेला थंड पाण्याचा जार त्या दिवशी ऑफिसात गेला होता. उन्हामुळे नेला असेल. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय विधान करू नये असं आम्हाला शिकवतात. म्हणून मी विधान करत नाही. जे ज्या क्रमाने घडलं तेवढं लिहितो.

शेजारच्या शेतात एक म्हातारे मेंढपाळ राहतात. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या बोअरला तासभर पाणी यायचं, तेही लाइट असली तर. बाबांनी त्यांना विचारलं. मेंढ्यांना पुरेल एवढं ठेवून बाकीचं न्या, असं ते म्हणाले. आम्ही हातगाड्यावर दोन ड्रम बांधून ढेकळांतून ओढत आणायचो. निम्मं पाणी वाटेतच सांडायचं.

“पाण्याच्या काठावर बसून पाणी विकत आणल्यावानी करून राह्यले तुम्ही,” मामा म्हणाले.

“विकत कुठं, मामा? तुम्ही तर फुकट देऊन राह्यले,” बाबा म्हणाले.

“फुकट न्हाई. तुमच्या इंजिनेरकडून मेंढ्या धुऊन घेतो की उद्या.”

आम्ही हसलो. दोन दिवस असे निभावले. तिसऱ्या दिवशी लाइट आलीच नाही. दुपारपर्यंत आम्ही मामांच्या ओट्यावर बसून होतो. समोर टँक काठोकाठ भरला होता आणि त्याच्यावरून येणारा वाराही गरम होता. दुपारी बाबा उठून कोब्याकडे गेले आणि गुडघ्यांवर बसले. मी मागून गेलो. रेघांना छेद देत केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. टँकच्या कोपऱ्यापासून एक जरा मोठी निघाली होती. बाबांनी तिच्यावर बोट फिरवलं. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावतात तसं.

मॅनेजर आला. त्याच्याबरोबर उद्घाटनाचा मांडव घालणारे चारपाच जण होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, “मिस्तरी, सिमेंट टाकलं का नुसती राख? का पोराला इंजिनेर करायला गोण्या घरी नेल्या?”

ते लोक हसले. मी धीर करून म्हणालो की सर, पहिल्या काही दिवसांत पाणी मिळालं नाही तर वरचा थर आकसतो, हे आमच्या पुस्तकात आहे. त्याने मला कितव्या वर्षाला आहेस ते विचारलं. मी दुसऱ्या म्हणालो.

“मंग आधी पास हो,” तो म्हणाला.

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून आहे, कदाचित त्या माणसावरच्या रागापेक्षा जास्त.

उद्घाटन झालंच. भेगांवर हिरवी गालिचापट्टी अंथरली होती, असं ऐकलं. पण ती गोष्ट तिथेच थांबली नाही. मॅनेजर राजूरला सिमेंटच्या दुकानात जायचा, आणि तिथे बोललेलं आमच्याकडे सगळीकडे पोचतं. मिस्तरी माल खातो, असं तो बोलला. राजूरच्या एका गुरुजींच्या घराचा स्लॅब बाबांकडे ठरला होता. गुरुजींनी निरोप पाठवला, की घरच्यांनी दुसरा माणूस बघितला आहे. निरोप अतिशय नम्र होता. त्यानंतर चतुर्थीला भरणाऱ्या राजूरच्या बाजारात बाबा त्या दुकानावरून जाईनासे झाले, मागच्या गल्लीने जायला लागले. तीस वर्षं ज्या माणसाने सिमेंटची पिशवीसुद्धा झटकून परत दिली, तो माणूस गल्ली बदलतो, हे मी पाहिलं. आई म्हणाली, जाऊ दे, लोकं विसरतात. बाबा म्हणाले, लोकं विसरतील, कोबा तिथंच राहील, येणारा-जाणारा बघंल.

मी हॉस्टेलला परत आलो. आमच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात, अठ्ठावीस दिवस. त्या हौदापाशी उभं राहिलं की मला राग यायचा. एवढीशी साधी गोष्ट. पुस्तकाला कळते, हौदाला कळते, राजूरच्या कुठल्याही म्हातारीला कळते. आणि ती ज्याला कळून घ्यायची नव्हती, त्याच्या शब्दावर बाबांचं नाव गेलं.

ही परवाची, दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मामांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत, म्हणून आधी भीतीच वाटली.

“इंजिनेर, तुमचा कोबा फोडून राह्यले,” ते म्हणाले.

मालकाला आता तिथे फरशी हवी आहे. फोडायला जालन्याहून मशीनवाला आला. धुराळा बसावा म्हणून टँकातलंच पाणी पाइपाने मारत आहेत, असं मामा म्हणाले. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मशीनवाला एका दिवसाचं काम म्हणून आला होता. आज तिसरा दिवस आहे आणि अर्धाच कोबा निघाला आहे. भेगा वरच्यावरच होत्या. खालचा माल इतका पक्का निघाला, की त्याच्या दोन छिन्न्या मोडल्या. काल संध्याकाळी त्याने वैतागून मशीन बंद केलं आणि मॅनेजरच्या समोर विचारलं, हा माल टाकणारा मिस्तरी कोण?

मॅनेजर मोबाइलमध्ये बघायला लागला. मेंढ्या घेऊन मामा कुंपणाशी उभे होते. त्यांनी बाबांचं नाव सांगितलं, आणि गावही सांगितलं.