आई जपानला गेली तेव्हा

धाकट्या बहिणीचं बाळंतपण जपानमध्ये व्हायचं ठरलं आणि आईला तिकडून बोलावणं आलं. आईनं तोवर रायपूरच्या बाहेर नागपूर सोडून काही पाहिलं नव्हतं. बाबा रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर, त्यामुळे तिचा सगळा संसार रायपुरातच, स्टेशनजवळच्या गुढियारीला, रुळांच्या आवाजात झाला. ते गेल्यावर मी तिला माझ्याकडे, तेलीबांध्याच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून तिची औषधं, तिचा चष्मा, तिची बँक, सगळं मीच पाहते. ती खालच्या दुकानात निघाली तरी मी म्हणायचे, थांब, मी येते.

ती तिकडे घाबरेल, लवकरच कंटाळेल आणि तुझ्याशिवाय करमत नाही म्हणून फोन करेल, असं मी धरून चालले होते. खरं तर त्या फोनची मी वाटच पाहत होते.

फोन आला तो दुपारी, मी ऑफिसात डबा उघडला तेव्हा. स्क्रीनवर आई बहिणीचं जाकीट घालून बसलेली. ती एकामागून एक सांगत सुटली. रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवत नाही. कचऱ्याचा डबा कुठे दिसेना म्हणून गोळीचा कागद तिनं घरापर्यंत मुठीत आणला. भिंतीजवळच्या मशीनमधून चहाची गरम बाटली निघते, पण त्यात ना दूध ना साखर. भात गिचका, तरी गोड लागतो. शाळेची लहान पोरं एकेकटी जातात. शेजारीण वाकून नमस्कार करते, मग आई वाकते, मग शेजारीण पुन्हा वाकते, आणि हे संपतच नाही. हे सांगताना ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मागे बहीणही हसत होती. बाबा गेल्यानंतर आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

बहिणीचा हेवा मला नवा नव्हता. ती पुण्याला शिकायला गेली, कारण घरी आईबाबांजवळ मी होते. तिला नवरा मिळाला तोही परदेशात नोकरी असलेला. ते सगळं मी कधीच गिळलं होतं. पण आईचं हसू तिच्या वाट्याला जावं, हे मला पचेना.

पुढच्या फोनवर आई तिथल्या रेल्वेगाडीत बसून आल्याचं सांगत होती. तिथला गार्ड खिडकीतून डोकं काढून सिग्नलकडे बोट दाखवतो आणि एकटाच मोठ्यानं काहीतरी बोलतो. ते पाहून आईला स्टेशनवरच रडू आलं. ती म्हणाली, "तुहे बाबा झोपीतबी हात वर करत. हिरवा, म्हनत. मंग मी त्यांचा हात धरून खाली ठेवो."

मी तिच्याबरोबर इतकी वर्षं एका घरात राहिले, शेजारच्या खाटेवर झोपले. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तेही आधी बहिणीला, मग मला. मी फोन लवकर ठेवला. संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या माझ्या मुलीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मम्मी, नानी खुश है, तो आपको क्या दिक्कत है?" मी तिला चहा टाकायला पाठवलं.

बाळ झालं, मुलगी. त्यानंतर एकदा बहिणीनं सहज सांगितलं की आई रोज सकाळी एकटी नदीकाठी फिरायला जाते. बटण दाबून सिग्नलला थांबते, रस्ता ओलांडते, येताना भाजी आणते. मी तिला आईकडे फोन द्यायला लावला.

"इथं तर तू खालीबी एकटी उतरत नव्हती," मी म्हटलं. "तिथं काहून जमते?"

आई म्हणाली, "इथं कोनी मले थांब म्हनत नाही, बाई."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

ती परत आली तेव्हा विमानतळाच्या दारातून स्वतः ट्रॉली ढकलत बाहेर आली. जाताना मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून पाठवलं होतं. घरी आल्यावर तीनचार दिवसांनीच ती संध्याकाळी एकटीच घराजवळच्या तलावावर निघाली. मी चपला घातल्या, मग काढून ठेवल्या. अंधार पडायच्या आत ती आली. तिथं भेटलेल्या कोण्या बाईची सुनेबद्दलची तक्रार तिनं मला अगदी रंगवून सांगितली, आणि मला बरं वाटलं.

हेवा मात्र गेला नाही. बहिणीचा फोन आला की दोघी तिकडच्या गल्ल्यांची, दुकानांची नावं घेऊन बोलतात आणि मी नुसती ऐकत बसते. गेल्या आठवड्यात न राहवून मी आईला म्हटलं, "मलेबी एकदा तिकडे घेऊन चाल."

"हव, नेईन," ती म्हणाली. "रस्ते मले सारे माहीत आहेत."

मी पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.